‘समाधानी आहात का?’ : एका प्रश्नावलीची समीक्षा

समीक्षेवर बोला असं सांगितलं गेलं तेव्हा संयोजकांच्या मनात कविता नाहीतर कादंबरी असणार. मी मात्र २६ प्रश्नांचा एक कागद घेऊन आलोय. यावर काय समीक्षा करायची, असं पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसतंय. पण बघा, एखाद्या कादंबरीचा अनुवाद फसला तर वाचक फार तर पुस्तक मिटून ठेवतो. या कागदाचा अनुवाद फसला तर कुणाला कळतही नाही. त्यातून आकडा निघतो, आकडा अहवालात जातो आणि कुठल्या तालुक्यातली माणसं बरी आहेत, कुठली नाहीत, हे त्या अहवालावरून ठरतं. म्हणून मला वाटतं की ज्या मजकुराची सगळ्यात कडक समीक्षा व्हायला हवी, त्याचीच आपल्याकडे होत नाही.

आधी या कागदाची थोडी ओळख. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९०च्या दशकात ‘जीवनाची गुणवत्ता’ मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘हूकॉल’ म्हणतात. मोठी प्रश्नावली १०० प्रश्नांची, तिचं छोटं रूप २६ प्रश्नांचं. शरीर, मन, माणसामाणसांतले संबंध आणि आजूबाजूचा परिसर असे चार भाग. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारायचं आणि प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी एक उत्तर. हे कुणी जिनिव्हात बसून एकट्यानं लिहिलेलं नाही, हे मुद्दाम सांगतो. जगभरातल्या १५ केंद्रांत एकाच वेळी काम चाललं होतं आणि त्यातली दोन केंद्रं आपली होती, दिल्ली आणि मद्रास. तिथल्या सामान्य लोकांना बसवून, ‘चांगलं जगणं म्हणजे तुमच्या मते काय’ हे विचारून त्यातून प्रश्न घडवले गेले. हिंदी आवृत्तीवरचा लेख १९९८ साली आला. म्हणजे मूळ पद्धत चांगली होती, लोकांकडून सुरू झालेली होती. पुढे आपण त्यातलं काय काय गाळलं, हा माझा आजचा विषय आहे.

नाशिकमध्ये हे बोलायला एक कारण आहे. १९९८ सालीच आपल्या गावात, म्हसरूळला, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आलं. त्यामुळे राज्यभरात पदव्युत्तर वैद्यकीय प्रबंध लिहिणाऱ्या मुलामुलींचा या गावाशी संबंध येतो. मी संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे असे प्रबंध तपासणीसाठी नाही तरी सल्ल्यासाठी माझ्याकडे वर्षानुवर्षं येत राहिले. विषय मधुमेहाचा असो, गुडघ्याचा असो की वृद्धांचा, त्यात एक वाक्य हटकून असतं: प्रश्नावलीचा मराठीत अनुवाद केला, त्याचा उलट अनुवाद करून घेतला, अल्फा अमुक आला, सबब प्रश्नावली वैध आहे. एका ओळीत विषय संपला. ही रीत फक्त आपली आहे असं नाही, जगभरच्या संशोधन-पत्रिकांत हेच वाक्य सापडतं. मी आज जे बोलणार ते अधिकृत आवृत्त्यांबद्दल नाही. घाईघाईत घरगुती पद्धतीनं जे अनुवाद होतात आणि मग एका प्रबंधातून दुसऱ्यात झेरॉक्स होत राहतात, त्यांच्याबद्दल आहे.

आता मजकूर उघडू या. पहिलाच प्रश्न जीवनाच्या गुणवत्तेबद्दल. ‘गुणवत्ता’ हा शब्द आपल्या कानावर कुठे पडतो? दहावीच्या निकालात. गुणवत्ता यादी. शिकलेल्या माणसाला तो शब्द कळतो, पण ज्याला विचारायचंय त्याला वाटतं, हा माझी परीक्षा घेतोय. ‘जीवनमान’ म्हणावं तर ऐकणारा घर, गाडी, पगार सांगायला लागतो. ‘आरोग्य’ घ्या. हा शब्द लोक वापरतात, पण तो केंद्राला, सेविकेला, शिबिराला चिकटलेला आहे. ‘तुमच्या आरोग्याबद्दल काय वाटतं’ म्हटलं की उत्तर येतं, ‘डॉक्टर वेळेवर येत नाहीत.’ माणूस स्वतःच्या शरीराबद्दल बोलतो तेव्हा ‘तब्येत’ म्हणतो, नाहीतर ‘प्रकृती’. बरं, तब्येत घेतली तरी सुटका नाही. ‘काय तब्येत केलीस रे’ म्हणजे जाड झालास!

‘वातावरण’ तर फारच गमतीचा शब्द. नववा प्रश्न आहे, तुमच्या भोवतीचा परिसर कितपत आरोग्यदायी आहे. म्हणजे धूर, गोंगाट, सांडपाणी वगैरे. अनुवाद होतो ‘भौतिक वातावरण’. आता हा प्रश्न घेऊन फेब्रुवारीत निफाडला किंवा दिंडोरीला जा. द्राक्षाच्या बागवाल्याला वातावरण म्हणजे ढगाळ हवा. ‘वातावरण खराब आहे’ म्हणजे डाऊनी आणि भुरी, म्हणजे आज रात्री फवारणी. तो अगदी मनापासून उत्तर देईल, पण दुसऱ्याच प्रश्नाचं.

पंधरावा प्रश्न आहे, तुम्हाला कितपत हिंडता-फिरता येतं. पुरुषाला विचारलं तर काही बिघडत नाही. पण गावातल्या तरुण सुनेला, सासू शेजारी बसलेली असताना, ‘तुम्ही किती हिंडता-फिरता’ असं विचारून बघा. ‘हिंडते’ हे बाईबद्दल चांगलं बोललं जात नाही. ती ‘नाही बाई, आम्ही घरातच’ म्हणणार, आणि धडधाकट पोरीच्या नावापुढे अपंगत्वाचा गुण पडणार. अनुवाद अगदी बरोबर असतो, आणि तरीही हे होतं.

हिंदीवरून मराठी करणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे. पंचविसावा प्रश्न वाहतुकीच्या सोयीबद्दलचा. हिंदीत ‘यातायात’ म्हणजे वाहतूक. मराठीत यातायात म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. ‘तुमच्या यातायातीबद्दल किती समाधानी आहात?’ (हशा) लिपी एक असल्यामुळे हे डोळ्यांना खटकत नाही. कानाला खटकतं, पण कानानं तपासतो कोण?

आता मुख्य शब्दाकडे येतो. ‘समाधानी’. या २६ प्रश्नांतले ११ प्रश्न याच शब्दावर उभे आहेत. तब्येतीबद्दल किती समाधानी, झोपेबद्दल किती समाधानी, कामाच्या ताकदीबद्दल, नात्यांबद्दल, राहत्या जागेबद्दल, दवाखान्याच्या सोयीबद्दल. इंग्रजीतला मूळ शब्द बऱ्यापैकी कोरडा आहे. दुकानातून घेतलेली वस्तू पसंत पडली का, हॉटेलची सेवा आवडली का, तिथेही तोच शब्द चालतो. मराठीत समाधान हा सद्गुण आहे. संतांनी तो शिकवला, आजीनं शिकवला, स्थळांच्या जाहिरातीत तो लिहिला जातो, मुलगी समाधानी वृत्तीची. ‘माणूस समाधानी आहे हो’ ही तारीफ आहे. म्हणजे ‘मी समाधानी नाही’ असं म्हणताना मराठी माणूस परिस्थितीबद्दल तक्रार करत नाही, स्वतःच्या स्वभावातली खोट कबूल करतो. आणि ती कबुली तो एका अनोळखी, हातात टॅब घेतलेल्या पोराला का देईल?

माझ्या एका विद्यार्थिनीबरोबर मी दिंडोरीच्या पलीकडच्या एका गावात गेलो होतो. साठी ओलांडलेल्या एक आजी. उठताना भिंतीचा आधार, पायरी उतरताना नातवाचा. विद्यार्थिनीनं वाचलं, ‘तुमच्या आरोग्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?’ आजी म्हणाल्या, ‘आहे की मी समाधानी. समाधान मानलं नाही तर कसं व्हायचं?’ विद्यार्थिनीनं पाचावर खूण केली. अतिशय समाधानी. तिची चूक काढायला जागा नव्हती, उत्तर तेच होतं. पण ‘समाधान असणं’ आणि ‘समाधान मानणं’ या दोन क्रियापदांमध्ये सगळा गुडघा हरवला.

तुम्ही म्हणाल, मग उलट अनुवाद असतो कशाला? उलट अनुवादाची पद्धत रिचर्ड ब्रिसलिन यांच्या १९७०च्या लेखापासून रुळली. इंग्रजीचं मराठी एकानं करायचं, मूळ न पाहता त्या मराठीचं इंग्रजी दुसऱ्यानं करायचं आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघायचं. ढोबळ चुका यात सापडतात, ती ‘यातायात’ कदाचित सापडेल. पण ‘समाधानी’चं परत काय होणार? मूळचाच इंग्रजी शब्द. ‘वातावरण’चं काय होणार? तोच मूळ शब्द. ‘गुणवत्ता’ही बिनचूक घरी परतते. कारण दोन्ही अनुवादक इंग्रजी शिकलेले, दोघांच्या डोक्यात एकच शब्दकोश. उलट अनुवादात दोन पदवीधरांचं एकमत तपासलं जातं, ज्यांना प्रश्न विचारायचाय त्यांचा त्यात कुठे संबंधच येत नाही. किंबहुना अनुवाद जितका शब्दाला शब्द, तितका तो या परीक्षेत चांगला पास होतो. बोलीतला सहज प्रश्न लिहिला तर तो परत येताना बदलतो आणि नापास होतो. म्हणजे परीक्षाच पुस्तकी मराठीला बक्षीस देते.

आणि अल्फा? क्रोनबाख यांचा १९५१ सालचा हा गुणांक. एका भागातले प्रश्न एकमेकांबरोबर वरखाली होतात का, एवढंच तो सांगतो. ०.७च्या वर गेला की आपण पेढे वाटतो. आता समजा, एका घरातल्या बाईनं सभ्यपणे सगळीकडे ‘समाधानी’ म्हटलं, शेजारच्या घरातल्यानं ‘काही योजना मिळेल’ या आशेनं सगळीकडे ‘असमाधानी’ म्हटलं, आणि तिसऱ्यानं कंटाळून सगळीकडे ‘ठीक’ म्हटलं. तिघांपैकी एकानंही प्रश्न ऐकलेला नाही, पण प्रश्न एकमेकांबरोबर सुंदर हलले. अल्फा वाढला! माझ्याकडे येणारी मुलं चांगला अल्फा आला की खूश होतात. फारच चांगला आला की मी काळजीत पडतो.

मूळ पद्धतीतली एक गोष्ट आपण गाळली, आणि तिच्याबद्दल मला जरा जास्त वेळ घ्यायचाय, कारण ती घरी बसूनसुद्धा करता येते. उत्तरांचे पाच शब्द कसे ठरवायचे? मूळ कार्यक्रमात त्यासाठी शब्दकोश वापरला नाही. १० सेंटिमीटरची एक रेघ काढायची. एका टोकाला ‘अजिबात नाही’, दुसऱ्या टोकाला ‘अत्यंत’. मग साध्या, त्या भाषेत वाढलेल्या वीसेक माणसांना एकेक शब्द द्यायचा आणि तो शब्द या रेघेवर कुठे बसतो तिथे खूण करायला सांगायची. ज्या शब्दाची सरासरी २० ते ३० मिलिमीटरमध्ये येते तो दुसऱ्या क्रमांकाचा, ४५ ते ५५मध्ये येतो तो मधला, ७० ते ८०मध्ये येतो तो चौथा. किती साधं आणि किती नेमकं! आता आपले शब्द घ्या. थोडं, थोडंसं, थोडंफार, बऱ्यापैकी, बरंच, पुष्कळ, खूप, लई, फार, अतिशय. मी हे वर्गात बऱ्याचदा करून बघितलंय. ‘थोडं’वर भांडण होत नाही. ‘बऱ्यापैकी’ला कुणी मधोमध बसवतं, कुणी पार पाऊण रेघेवर नेतं. ‘मध्यम’ कागदावर बरोब्बर मध्ये बसतो, पण ‘तुम्हाला मध्यम दुखतं का’ असं मराठीत कुणी विचारत नाही. चहा मध्यम गोड असतो, दुखणं नाही. आणि ‘खूप’ व ‘अतिशय’ यांत पुष्कळांना फरकच करता येत नाही, म्हणजे पाच पायऱ्यांचा जिना प्रत्यक्षात चारच पायऱ्यांचा. हे वीस माणसांचं, एका दुपारचं काम. प्रबंधासाठी दोनशे रुग्ण गोळा करायला वर्ष देतात आणि याला दुपार देत नाहीत.

आपल्याच राज्यात हे काम गंभीरपणे कुणी केलं का? केलंय, आणि ते उदाहरण पुण्याजवळचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातर्फे वढू परिसरातल्या २२ गावांत, २००२पासून, घराघरातले जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची सलग नोंद ठेवली जाते. या गावांतल्या पन्नाशीच्या पुढच्या हजारो माणसांना, जागतिक आरोग्य संघटनेच्या वृद्धांवरच्या अभ्यासाचा भाग म्हणून, स्वतःच्या तब्येतीबद्दल आणि जगण्याबद्दल विचारलं गेलं. तिथे दोन गोष्टी झाल्या ज्या प्रबंधांत होत नाहीत. एक, उत्तर दिलेल्या माणसांचं पुढे काय झालं हे बघितलं गेलं. ज्यांनी तब्येत वाईट म्हणून सांगितली होती त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे साधा, एका ओळीचा प्रश्नसुद्धा काहीतरी खरं सांगत होता. प्रश्न खरा की खोटा, हे प्रश्नाबाहेरच्या गोष्टीवर घासून बघितलं. अल्फा हे कधीच करत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे छोट्या कथा. स्वतःबद्दल विचारायच्या आधी किंवा नंतर, एका काल्पनिक माणसाबद्दल दोन ओळी सांगायच्या. समजा, ‘शांताबाईंना दोनशे पावलं चालता येतं, पण जिना चढला की दम लागतो. त्यांना चालण्याफिरण्याची अडचण किती?’ सगळ्यांसमोर शांताबाई तीच. मग एकजण ‘काहीच नाही’ म्हणाला आणि दुसरा ‘खूप’ म्हणाला, तर दोघांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत हे कळतं. या युक्तीवरचा २००४चा गॅरी किंग आणि सहकाऱ्यांचा लेख गाजला. त्यांच्या उदाहरणात चीनमधले लोक मेक्सिकोतल्या लोकांपेक्षा ‘सरकारात आमचं जास्त चालतं’ असं सांगत होते! कथा वापरून मोजपट्ट्या जुळवल्यावर चित्र उलटं झालं. वढूच्या संशोधकांनी ही युक्तीही डोळे झाकून घेतली नाही. आशिया आणि आफ्रिकेतल्या इतर ठिकाणांबरोबर मिळून, या कथांमागची गृहीतकं टिकतात का, याचीच परीक्षा त्यांनी केली आणि २०१३मध्ये छापली. कारण शांताबाई सगळ्यांना खरंच सारख्याच दिसतात, हेही गृहीतच आहे की.

ही एवढी खटपट कशाला, असं वाटत असेल तर अमर्त्य सेन यांचा २००२चा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला छोटा लेख आठवा. केरळातली माणसं जास्त जगतात आणि आजार जास्त सांगतात. बिहारातली कमी जगतात आणि आजार कमी सांगतात. फक्त विचारून यादी केली तर बिहार निरोगी ठरेल. आता केरळच्या जागी नाशिक शहर घाला आणि बिहारच्या जागी सुरगाणा. शहरात कॉलेज रोडवरचा माणूस झोपेबद्दल, ट्रॅफिकबद्दल, हवेबद्दल मनसोक्त असमाधानी असेल. सुरगाण्याची बाई समाधान मानत असेल. दोघांच्या आकड्यांचा रंगीत नकाशा काढला की कुठला तालुका हिरवा दिसेल?

इथे माझ्यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. माझा एक मित्र म्हणतो, ‘अरे, हूकॉलची व्याख्याच अशी आहे की माणूस आपल्या संस्कृतीत, आपल्या मूल्यांच्या, आपल्या अपेक्षांच्या चौकटीत स्वतःचं जगणं कसं बघतो ते मोजायचं. आजी समाधानी आहेत म्हणाल्या, म्हणजे आहेत. तू कोण त्यांचा गुडघा मध्ये आणणारा?’ यावर मी बरेच दिवस अडलो होतो. अजूनही पूर्ण सुटलोय असं नाही. आजींचं उत्तर त्यांचं आहे, ते मी बदलणार नाही. त्यांच्यावर एक पूर्ण अभ्यास करायचा असेल तर ते उत्तर सोन्यासारखं आहे. पण त्याच आकड्याची शहरातल्या माणसाच्या आकड्याशी वजाबाकी केली की व्याख्या मोडली. चौकट प्रत्येकाची वेगळी मान्य करायची आणि मग सगळ्यांना एका पट्टीवर उभं करायचं, हे दोन्ही एकदम चालणार नाही. आणि लोकसंख्या सर्वेक्षणात ही वजाबाकी होतेच, त्यासाठीच तर ते करतात. अशा प्रश्नावल्यांचा वापर आता फक्त प्रबंधापुरता राहिलेला नाही. ‘ईक्यू-५डी’ नावाची पाच प्रश्नांची दुसरी एक प्रश्नावली आहे, तिच्या उत्तरांना भारतीय लोकांच्या पसंतीवरून किंमत लावण्याचं काम २०२२मध्ये प्रसिद्ध झालं. कुठल्या उपचारावर सरकारनं पैसा घालावा याच्या हिशेबात ते आकडे वापरता येतात.

आपल्या जिल्ह्याचं आणखी एक दुखणं आहे, त्याला मी ‘मराठी आवृत्ती’ या शब्दांचं दुखणं म्हणतो. कुठली मराठी? सटाणा, देवळा, कळवण, मालेगाव या पट्ट्यात घरात अहिराणी. मालेगाव शहरात उर्दूही. सुरगाणा-पेठकडे कोकणा. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याचा साधारण चौथा हिस्सा अनुसूचित जमातींचा. छापील कागद सगळीकडे एकच, पुण्याच्या पुस्तकातला. प्रत्यक्षात काय होतं? विचारणारा पोरगा हुशार असतो, समोरच्याच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह दिसलं की तो तिथल्या तिथे आपल्या शब्दांत सांगतो. समोरून ‘बरं शे’ असं उत्तर येतं आणि त्याला पाचपैकी कुठल्या खणात टाकायचं ते तोच ठरवतो. म्हणजे दर उंबऱ्यावर नवा अनुवाद होतो, आणि तो कुठेही लिहिला जात नाही. मला त्या पोराचा राग येत नाही. अख्ख्या सर्वेक्षणात समोरच्या माणसाशी खरं बोलणारा तो एकटाच असतो.

म्हणून हल्ली मी माझ्याकडे येणाऱ्यांना अल्फाआधी एक वही मागतो. दहा-बारा माणसांसमोर प्रश्न वाचायचा, उत्तर घ्यायचं आणि मग विचारायचं, ‘मी काय विचारलं असं तुम्हाला वाटलं? तुमच्या शब्दांत सांगा.’ संशोधनाच्या भाषेत याला कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात. जे ऐकू येईल ते वहीत. कुठला शब्द टाकला, कुठला का सोडला, कुठल्या गावात काय म्हणाले. ही वही प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडावी असा माझा आग्रह असतो. बहुतेक वेळा मार्गदर्शक म्हणतात, पानं वाढतात. ‘समाधानी’ला पर्याय काय, असं मुलं विचारतात, तर तो मला अजून मिळालेला नाही. ‘काही तक्रार आहे का’ हा दवाखान्यातला रुळलेला प्रश्न आहे, पण तक्रार न करणं हाही पुन्हा गुणच. ‘खूश’ शहरात चालतो, म्हाताऱ्यांना उथळ वाटतो.

ती विद्यार्थिनी मात्र पुढच्या महिन्यात परत त्या आजींकडे गेली. या वेळी कागद पिशवीतच ठेवला आणि विचारलं, ‘आजी, गुडघा दुखतो त्या दिवशी काय काय राहून जातं?’ आजींनी बोटं मोजायला सुरुवात केली. हापशावरचं पाणी. मारुतीच्या पायऱ्या. लग्नात पंगतीला खाली बसणं, म्हणून लग्नाला जाणंच. पहाटे बाहेर जायचं असतं तेव्हा सुनेला उठवावं लागतं, ते. दुसऱ्या हाताची बोटं सुरू झाली तेव्हा विद्यार्थिनीनं वही काढली.

वेळ झाली आहे, प्रश्न घेऊ या. माइक मागे द्या, तिथे एक हात वर दिसतोय.